चुकांचं कपाट

ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच, काचेचं एक नवंकोरं कपाट होतं. त्यावर पितळेची पाटी होती आणि पाटीवर कोष्टकरावांचं खरं नाव होतं, जे त्यांची बायको आणि पेन्शनचं कार्यालय सोडून फारसं कुणाला माहीत नव्हतं. आतली पुस्तकं निळ्या कापडी बांधणीत, एका ओळीत, डोळ्यांत भरतील अशी लावलेली होती. कोष्टकरावांनी चष्मा पुसला आणि पुस्तकं मोजली. एकोणचाळीस. मग उजवीकडून डावीकडे मोजली. तरी एकोणचाळीसच. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी इथे दोनशे चौदा पुस्तकं आणून दिली होती.

आता हा गृहस्थ कोण आणि कपाट बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात का गेली, ते आधी सांगायला हवं. मोजणी खात्यात ते गणक होते. यंत्रं यायच्या आधी गणक म्हणजे हाडामांसाचा माणूस असायचा. डोंगरांची आणि नद्यांची मापं घेऊन लोक यायचे आणि गणक आपल्या खोलीत बसून, लॉगच्या कोष्टकांची जाडजूड पुस्तकं उघडून, त्यातून अंतरं आणि दिशा काढायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी यांची कोष्टकं काही सुटली नव्हती, म्हणून गल्लीत त्यांचं नाव कोष्टकराव पडलं. रद्दीची दुकानं, बंद पडलेल्या शाळांचे माळे, मेलेल्या मास्तरांच्या ट्रंका, जिथे म्हणून आकड्यांचं पुस्तक सापडेल तिथून ते ते उचलून आणत.

पण त्यांना पुस्तकांचं वेड होतं असं म्हणणं बरोबर नाही. ते चुका जमवत होते. एका पुस्तकात चार लाख आकडे, प्रत्येक आकड्याचा छपाईचा, शिशाचा एकेक खिळा, आणि ते खिळे जुळवणारा माणूस अर्धपोटी, पेंगुळलेला. कुठेतरी आठाच्या जागी तीन बसणारच. पुढच्या छपाईत ती चूक निघायची आणि दुसरीकडे नवी शिरायची. एक छापखाना दुसऱ्याचं पुस्तक गुपचूप उतरवून घ्यायचा, तेव्हा आकड्यांबरोबर चुकाही उतरायच्या, जसं घराण्याचं नाक पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातं. म्हणून कोष्टकरावांकडे एकाच पुस्तकाच्या सात-सात, नऊ-नऊ प्रती असत. वरून सगळ्या सारख्या, आतून प्रत्येकीची खोड वेगळी. कुणी कुणाचं चोरलं, याची त्यांनी चुकांवरून वंशावळच काढली होती, भिंतीएवढ्या कागदावर. गणित एवढंच की योगायोगानं दोघांची एकच चूक होत नाही. दोन जागी नेमकी तीच चूक दिसली, तर दोघांचं मूळ एक.

आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीवर ते एक कविता करत. कविता त्या अनोळखी खिळे जुळवणाऱ्याला उद्देशून, आणि सूर बहुतेक वेळा झाडाझडतीचाच. तीनशे बारा कविता झाल्या होत्या आणि पदरमोड करून त्यांचं पुस्तकही छापून झालं होतं. त्यातली त्यांची सगळ्यांत आवडती ही:

आठाच्या जागी तीन बसवलास, गड्या,
डोळा लागला, की दिवाच होता मंद?
तुझ्या बोटांखाली आख्खा डोंगर होता,
आणि डोंगरापलीकडे एका घराचं दार बंद.

"आमच्याकडे चुकांचं दुकान आहे," त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची. "गिऱ्हाईक तेवढं एकच, तेही उधारीवरचं." ती बिचारी चाळीस वर्षं पुस्तकांच्या मधून आडवी चालत आली. पण मागच्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी चालायला काठी दिली आणि काठीला जागा लागते. जावयानं सुचवलं, ग्रंथालयाला द्या, तिथे नीट राहतील. ग्रंथपालबाई स्वतः घरी आल्या, प्रत्येक पुस्तकाला हात लावून बघितलं, जपून ठेवू म्हणाल्या. जावई म्हणाला, महत्त्वाच्या पानांचे फोनवर फोटो तरी काढून ठेवतो. कोष्टकराव म्हणाले, "काय गरज आहे? पुस्तकं कुठे पळून चालली आहेत का?"

आज ते आले होते ते एका पानासाठी. त्या पानामागे बोगदा होता.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाणी नेण्यासाठी डोंगरातून बोगदा खणायचा होता, दोन्ही बाजूंनी एकदमच. कोणत्या दिशेनं खणायचं ते मोठ्या गणकांनी काढून दिलं. मोठे गणक म्हणजे यांचे वरिष्ठ, यांचे गुरू, पेन्सिलीला टोक कसं करावं इथपासून ज्यांनी शिकवलं ते. दीड वर्ष खणल्यावर दोन्ही तोंडं समोरासमोर यायला हवी होती, ती आली नाहीत. मीटरभराहून जास्त चुकली. चौकशी झाली. गणिताची पडताळणी दुसऱ्या गणकानं वेगळी करायची असा खात्याचा कडक नियम होता. चौकशीत निघालं की पडताळणी झालीच नव्हती, मोठ्या गणकांनी एकट्यानं आकडा काढला आणि हाताखालच्याची नुसती सही घेतली. सगळं खापर मोठ्या गणकांवर फुटलं. त्यांना टपाल विभागात बसवलं, पाकिटांवर शिक्के मारायला. तिथेच त्यांची शेवटची तीन वर्षं गेली आणि निवृत्तीचा कागद यायच्या आधी ते गेले.

तो हाताखालचा म्हणजे कोष्टकराव. त्या दिवसापासून त्यांनी पण केला की कोष्टकच चुकीचं होतं हे सिद्ध करायचं. खात्यातल्या तेव्हाच्या प्रती केव्हाच मोडीत गेल्या होत्या. एकोणतीस वर्षांनी एका रद्दीवाल्याकडे त्या वर्षीची, चौथ्या छपाईची प्रत मिळाली. दोनशे एकाव्या पानावर, पाचव्या दशांशाला, आठाच्या जागी तीन. दहा किलोमीटरांच्या मापात मीटरभराहून थोडा जास्त, बरोब्बर तेवढाच फरक. आधीच्या तिन्ही छपायांत तिथे आठ होता, पाचवीत पुन्हा आठ. चौथीची दुसरी प्रत कुठेच मिळाली नाही. खात्याला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना उत्तर एकच आलं, प्रकरण बंद आहे.

आणि आता खात्याला शंभर वर्षं होत होती, म्हणून खातं आपला गौरवग्रंथ छापत होतं. त्यात बोगद्याचं एक पान होतं आणि त्या पानावर एक वाक्य: 'तत्कालीन मुख्य गणकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे हे काम दीड वर्ष मागे पडले.' खाली मोठ्या गणकांचा फोटो, नावासकट. गौरवग्रंथात गौरव कुणाचा आणि धिंडवडे कुणाचे, हे ठरवणाऱ्यांपैकी एकालाही लॉगचं कोष्टक कसं उघडतात ते माहीत नसेल. संपादक अधिकारी मात्र वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "काका, मला ते छापील पान दाखवा. सोमवारी सकाळी ग्रंथ छपाईला जातोय. पान बघितलं की वाक्य काढतो." आज शुक्रवार होता.

"चौथी छपाई कुठाय?" कोष्टकरावांनी विचारलं.

ग्रंथपालबाई जागेवरून उठून आल्या. नीटनेटकी, हसतमुख बाई, गळ्यात चष्म्याची साखळी. "या सर. कपाट बघितलंत? आवडलं?"

"बाई, मी दोनशे चौदा पुस्तकं दिली होती."

"हो ना. पण बरीचशी दुबार होती. एकच पुस्तक सात-सात वेळा. आमच्याकडे जागेची मारामार, तुम्हाला माहितीच आहे. प्रत्येकाची सगळ्यांत चांगली, सगळ्यांत नवी प्रत ठेवली."

"आणि बाकीची?"

"निर्लेखित केली. नियमानं. लगद्याच्या गिरणीत गेली." आता त्यांचं हसू थोडं ढासळलं. "काही राहिलं होतं का त्यात?"

एकाच पुस्तकाच्या सात प्रती. सात मुलं असलेल्या बाईला कुणी म्हणावं, एक ठेवलंय, सगळ्यांत धडधाकट बघून, बाकीची दुबार होती. कोष्टकराव कपाटाजवळ गेले, दार उघडलं, निळ्या बांधणीतलं एक पुस्तक ओढून काढलं. तेच पुस्तक, पण नववी छपाई. त्यांनी दोनशे सत्तावन्नावं पान उघडलं, कारण नवव्या छपाईत तिथे सहाच्या जागी नऊ होता, आणि ती चूक त्यांची लाडकी होती, तिच्यावर दोन कविता होत्या. नऊ नव्हता. नवाच्या जागी बारीक, सुबक, काळ्या शाईचा सहा होता.

"हे कुणी केलं?"

"ते होय," बाई खुलल्या. "तुम्ही प्रत्येक पुस्तकात चुकांची यादी ठेवली होतीत ना, चिठ्ठीवर? फार उपयोग झाला. आम्ही सगळ्या दुरुस्त करून घेतल्या. वाचकाला चुकीचं पुस्तक कशाला द्यायचं? महिनाभर काम चाललं होतं, सर."

म्हणजे एकूण हिशोब असा झाला, की चाळीस वर्षं वणवण करून जमवलेल्या चुकांपैकी ऐंशी टक्के लगद्यात आणि उरलेल्या शाईखाली. जगात चुकांचा एकमेव संग्रह होता, तो ग्रंथालयानं निर्दोष करून ठेवला आणि वर पाटी लावली. कोष्टकराव बोलायला लागले. ग्रंथालयात हळू बोलायचं असतं हे विसरून बोलले. जपून ठेवू म्हणालात त्याचा अर्थ हा का, असं विचारलं. पुस्तकाला हात लावायची तुमची लायकी काय, असंही विचारलं, आणि ते विचारायला नको होतं. वाचणाऱ्या लोकांनी माना वर केल्या. एकजण बाहेर निघून गेला. त्या बाईच्या पापण्या भिजल्या, पण ती मागे हटली नाही.

"सर, वाट्टेल तसं केलं नाहीये आम्ही," ती म्हणाली. "तुमची यादीसुद्धा आम्ही डोळे झाकून घेतली नाही. माझ्या दोन सहकारी आहेत. दोघींनी वेगवेगळ्या खोलीत बसून एकेक आकडा गणित करून काढला. एकमेकींचे कागद बघायचे नाहीत, असं ठरलंच होतं. दोघींचं उत्तर जुळलं तरच शाई लावली. दोन माणसं वेगवेगळी बसून एकच उत्तर काढतात म्हटल्यावर त्यात त्यांची चूक कशी असेल, सर? पुस्तकांबरोबर दिलेल्या टिपणात तुम्हीच तर तसं लिहिलंय."

लिहिलं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

कोष्टकरावांनी पुस्तक जागेवर ठेवलं. कपाटाचं दार नीट लागेना, ते त्यांनी दोनदा लावून बघितलं. मग "माफ करा" असं काहीसं पुटपुटून ते जिना उतरले.

रस्त्यावर भर दुपारची वर्दळ होती. दुकानदार शटर अर्धं ओढून जेवायला बसले होते. कोष्टकराव चालत होते आणि मनातल्या मनात भांडत होते. ग्रंथपालबाईशी भांडून झालं, जावयाशी झालं, तिन्ही पत्रांना एकच उत्तर देणाऱ्या खात्याशी झालं, त्या पेंगुळलेल्या खिळे जुळवणाऱ्याशी तर किती वेळा झालं होतं. मग भांडायला कुणी उरेना. आणि मग त्यांना चौकशीची खोली दिसली, जी बघायचं त्यांनी इतकी वर्षं टाळलं होतं.

लांब टेबल, तिघे अधिकारी, एका टोकाला मोठे गणक. समोर हे, चोवीस वर्षांचे, नोकरी कायम व्हायला तीन महिने बाकी. अधिकाऱ्यानं विचारलं, "पडताळणीचं गणित तू वेगळं केलं होतंस का?" यांची पाचावर धारण बसली. हो म्हटलं तर चुकीत भागीदार. म्हणून ते म्हणाले, "नाही साहेब. मोठ्यांनी आकडा दिला, मी सही केली."

ते खोटं होतं. त्यांनी गणित केलं होतं. दुसऱ्या खोलीत बसून, त्याच छपाईच्या आपल्या प्रतीवरून, नियमाप्रमाणे, चार तास. उत्तर मोठ्या गणकांशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं होतं. ते कागद त्यांनी चौकशीच्या आदल्या दिवशी घरी नेऊन फाडले. मोठ्या गणकांनी त्या टेबलापलीकडून त्यांच्याकडे बघितलं; यानं खरंच नुसती सही केली, असंच त्यांनाही वाटलं असणार.

मोठ्या गणकांची मुलगी दातांच्या कवळ्या बनवायची. दोन खोल्यांची तिची कार्यशाळा होती, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. टेबलावर गुलाबी मेणाच्या हिरड्या, डब्यांत आकारानुसार लावलेले दात, सगळीकडे प्लास्टरची पांढरी पूड. छप्पन्न वर्षांची बाई, हात मात्र एकदम तरुण. वर्षातून एकदा कोष्टकराव तिला भेटायला येत आणि शोध कुठवर आला ते सांगत. चौथी छपाई सापडली तेव्हा पेढ्यांऐवजी ते पुस्तकच घेऊन आले होते.

"या काका. मिळालं पान?" तिनं हातातली कवळी खाली न ठेवता विचारलं. गौरवग्रंथाचं तिला माहीत होतं. कच्च्या छपाईतला बापाचा फोटो आणि त्याच्या वरचं ते वाक्य तिनंच पहिल्यांदा यांना दाखवलं होतं. तिच्या मुलाला परवाच त्या खात्यात नोकरी लागली होती. तो ग्रंथ त्याच्या टेबलावर ठेवला जाणार होता.

"पान गेलं," कोष्टकराव म्हणाले. "पुस्तकच गेलं. लगदा झाला त्याचा." आणि मग त्यांनी ग्रंथालयाचं सगळं सांगितलं, दुबार, निर्लेखित, शाई. सांगताना त्यांचा आवाज पुन्हा चढला. त्या बाईला, त्या गिरणीला, त्या खात्याला त्यांनी यथेच्छ शिव्या घातल्या.

तिनं ऐकून घेतलं. "मग आता सोमवारी काय दाखवणार?"

"काही नाही. दाखवायला काही नाही." ते स्टुलावर बसले. बसल्याबरोबर सदऱ्याला प्लास्टर लागलं. "तुला एक सांगायचंय. खरं तर चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सांगायचं होतं."

आणि त्यांनी सांगितलं. दुसरी खोली, चार तास, जुळलेला आकडा, फाडलेले कागद. आडवळणं घेतली नाहीत. एकदाच म्हणाले, "नोकरी पक्की व्हायची होती," आणि ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या कानालाही सहन झालं नाही.

तिनं कवळी टेबलावर ठेवली. हात फडक्याला पुसले, एकेक बोट करून. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि कोष्टकरावांनी आयुष्यभर जगावर केलेला राग त्या चेहऱ्यासमोर अगदीच पोरकट वाटायला लागला.

"म्हणजे तुम्ही तेव्हा हो म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर दोघांचं उत्तर एक निघालं असतं. आणि दोघांचं उत्तर एक म्हणजे चूक पुस्तकात. एवढं त्या तिघा साहेबांनाही कळलं असतं."

"हो."

"त्याला पुस्तक लागत नव्हतं."

"नाही."

"पुस्तक कशाला शोधत होतात मग, काका? साक्षीदार तुम्ही होतात. तुम्ही तर रोज आरशात दिसत होतात की." तिचा आवाज चढला नाही, उलट खालीच आला. "बाबा घरी यायचे ना, बोटांना शाई लागलेली असायची, शिक्क्यांची. आई घासून घासून काढायची. ते म्हणायचे, मी कुठे चुकलो ते मला अजून सापडत नाहीये. रोज जेवून झालं की तेच गणित करत बसायचे. शेवटपर्यंत. आपलं चुकलंय असंच समजून गेले ते. आणि तुम्ही दरवर्षी येऊन मला पुस्तकांच्या गोष्टी सांगत होतात. तुमचं कवितांचं पुस्तक दिलंत, मी वाचलं. जगातल्या प्रत्येक खिळे जुळवणाऱ्याला त्यात झापलंय."

मोठे गणक घरी बसून ते गणित पुन्हा पुन्हा करत होते, हे कोष्टकरावांना आजपर्यंत माहीत नव्हतं. कोष्टकातून उतरवून घेतलेल्या त्याच चुकीच्या आकड्यावरून, त्याच उत्तरापाशी, रोज.

तिनं टेबलाचा खण उघडला, बिलाच्या वहीतलं मागचं कोरं पान फाडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. पेन ठेवलं. "लिहा. संपादकाला मी स्वतः नेऊन देते. तुमच्यावर सोडत नाही."

ते लिहायला लागले. अक्षर गणकाचं होतं, प्रत्येक शब्द वेगळा. पडताळणीचे गणित मी स्वतंत्रपणे केले होते. माझे उत्तर मुख्य गणकांच्या उत्तराशी तंतोतंत जुळले होते. चौकशीत मी खोटे सांगितले. चूक त्यांची नव्हती. खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख घातली.

तिनं कागद उचलून उजेडात धरला. एकदा वाचला. मग पुन्हा वाचला.

"चार ओळी," ती म्हणाली. "चारच ओळी होत्या, काका."

कागदाची घडी करून तिनं पर्समध्ये टाकली, खुर्चीवरची ओढणी घेतली आणि दाराला कुलूप लावायचं होतं म्हणून त्यांना उठायला सांगितलं.